पाऊस किती? ऊन किती?

भूगोलाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री घराघरांतून काय ऐकू येते? "टुंड्रा, तैगा, सॅव्हाना... टुंड्रा, तैगा, सॅव्हाना..." पोरगी डोळे मिटून घोकत असते, आईबाप कौतुकाने ऐकत असतात. जगाचे नैसर्गिक प्रदेश पाठ झाले! पण तिला विचारा, तैगातल्या झाडांची पाने सुईसारखी का? गाईडात ते नसते.

पालकहो, हा विषय घरी शिकवता येतो आणि त्यासाठी मॅट्रिक पास असावे लागत नाही. दोनच प्रश्न धरा. तिथे पाऊस किती? ऊन-थंडी किती? त्यावर झाडे ठरतात आणि झाडांवर जनावरे. तैगात हिवाळा लांब आणि कडक. पान सुईएवढे असले की त्यातून पाणी कमी उडते, बर्फही फांदीवरून घसरते. झाले उत्तर.

आपला सातारा जिल्हा घ्या. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततात. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यातली दहिवडी. तिथे जेमतेम पाचशे! एकाच जिल्ह्यात इकडे जांभूळ-हिरड्याचे सदाहरित रान, तिकडे गवत, बाभळी आणि मेंढरे. दुष्काळात गाव सोडून मुंबईला आलेल्या आजीला हे कोणत्या पुस्तकातून कळले? तिलाच नातवंडांपुढे बसवा. आमच्या अनुभवाने सांगतो, मुले गाईडापेक्षा तिचे जास्त ऐकतात.

वाळवंट म्हटले की मुले उंट आणि वाळू काढतात. खरे तर वर्षाला साधारण २५० मिलिमीटरहून कमी पाऊस असला की ते वाळवंट. या हिशेबाने जगातले सर्वांत मोठे वाळवंट अंटार्क्टिका ठरते. आतल्या भागात वर्षभर पडणाऱ्या हिमाचे पाणी ५० मिलिमीटरही भरत नाही. पण पडलेले वितळत नाही, हजारो वर्षे साचत राहते.

राणीच्या बागेतले पेंग्विन २०१७ पासून लोकांना पाहायला मिळतात. घरी येऊन मुले त्यांना बर्फावर रंगवतात! ते पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नाही. उलट शेजारीच अटाकामाचे अतिकोरडे वाळवंट आहे. किनाऱ्यालगत थंड पाण्याचा सागरी प्रवाह वाहतो. त्यामुळे पेंग्विनला मासळी भरपूर, पण जमिनीला पाऊस नाही.

एक बिनखर्ची प्रयोग. मेथीची काडी आणि कोरफडीचे पान रात्री खिडकीत ठेवा. सकाळी मेथी सुकलेली, कोरफड तशीच टवटवीत. पाणी राखणारे झाड कोणत्या प्रदेशात टिकेल, हे मग मुलेच सांगतील.

आणि माळरानाला 'पडीक' म्हणायला मुलांना शिकवू नका. पाऊस बेताचा म्हणून तिथे गवत आहे, आणि त्या गवतावर काळवीट, लांडगा, माळढोक जगत आले. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज हा पक्षी तिथे दिसणेही मुश्कील. त्याला मोकळा माळ लागतो, दाट झाडी लावली तर तो तिथे राहत नाही. वृक्षारोपणाच्या दिवशी शाळेत हे कोणी सांगत नाही.