खेळलो नाही, म्हणून शिकवायचंच नाही का?

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊसबिल, साखर उतारा आणि पाण्याची पाळी हे आपले नेहमीचे विषय. आज मी तुमच्यापुढे वेगळाच विषय मांडतो आहे. तो आहे बास्केटबॉलचा. हसू नका. मीही आधी हसलोच होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या शाळेत सिमेंटचे मैदान आहे, दोन्ही टोकांना खांबावर लोखंडी कड्या आहेत. खेळ शिकविणारे गुरुजी बदलून गेले आणि त्या मैदानावर तुरी वाळू लागल्या. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. एके दिवशी आठवी-नववीच्या नऊ मुली माझ्या ओट्यावर आल्या. "आबा, दुसरे गुरुजी येईस्तोवर तुम्हीच शिकवा." मी म्हणालो, "अगं पोरींनो, उभ्या जन्मात मी तो चेंडू हातात धरला नाही." त्यातली एक चुणचुणीत पोर लगेच म्हणाली, "मग ठिबक तरी तुम्ही कुठं शिकून आला होता?"

मी निरुत्तर झालो. माझ्या वडिलांनी मोट पाहिली, पाट पाहिला. ठिबकची नळी पाहिली नाही. मी माहितीपत्रक वाचले, शेतकी अधिकाऱ्यांना विचारले, शेजाऱ्याच्या रानात जाऊन पाहिले, चार चुका केल्या आणि शिकलो. रानात जे चालते ते मैदानावर का चालू नये?

"जो खेळलाच नाही, तो काय शिकवणार?" असे पारावर मला पुष्कळांनी विचारले. प्रश्न वावगा नाही. पण या खेळाचा जन्मच पाहा. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि पोरांना खेळायला लावले. त्या दिवसापर्यंत हा खेळ जगात कुणीच खेळलेले नव्हते, खुद्द शिकविणाराही नाही! पुढे ते कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तिथे संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. म्हणजे खेळ काढणे वेगळे आणि संघ घडविणे वेगळे.

मुलींचा खेळ तर एका शिक्षिकेने वाचून उभा केला. सेंडा बेरेनसन या लहानपणी प्रकृतीने नाजूक. स्मिथ कॉलेजात मुलींना व्यायाम शिकवीत असता त्यांनी या नव्या खेळाविषयी वाचले, मुलींसाठी नियमांत बदल केले आणि खेळ सुरू करून दिला. मार्च १८९३ मध्ये तिथे मुलींचा सामना झाला.

आपल्याकडचे पाहायचे तर रमाकांत आचरेकर सर. ते क्रिकेट खेळत होते, हे खरे. पण प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला एकच आला. तरी शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला, आणि १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

याचा अर्थ न खेळलेला माणूस खेळलेल्याइतकाच चांगला, असे मी म्हणत नाही. खेळलेल्याच्या अंगातच खेळ मुरलेला असतो. आपल्याला तो डोळ्यांनी आणि डोक्याने मिळवावा लागतो. त्याला दुप्पट मेहनत पडते आणि चुकाही होतात. माझ्या दोन सांगतो. पहिली चूक, मी सोलापूरहून पुरुषांचा सात नंबरचा चेंडू आणला. कडी दहा फूट उंच. पोरींचा चेंडू तिथवर पोचेना. मला वाटले, पोरींत ताकद नाही. दोन महिन्यांनी कळले की मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, आणि लहान लेकरांचा पाच नंबरचा. दोष पोरींचा नव्हता, माझा होता. दुसरी चूक, कडीखालच्या चौकटीत आपल्या खेळाडूने सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही, हा नियम मी वाचलाच नव्हता. पहिल्या सामन्यात पंचांची शिट्टी सारखी वाजत होती आणि पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या रात्री नियमांचे पुस्तक मी पोथीसारखे वाचून काढले.

पण आपल्याजवळ काहीच नसते, असेही नाही. आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा. धावता धावता हुलकावणी देणे, एका पायावर अंग वळविणे, वाकून झटक्यात उठणे हे आपल्या लेकरांना बास्केटबॉलच्या आधीच येते. मी तिथूनच सुरुवात केली. उमेदीसाठीही लांब जायला नको. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने खो-खोचे सुवर्णपदक जिंकले, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या क्रीडा अधिकारी झाल्या. अशी पोर आपोआप निपजत नाही. तिच्यामागे रोज मैदानावर येणारे कुणीतरी लागते.

मुद्दा इथेच आहे. त्या नऊ मुलींपैकी एकीला दहावीनंतर घरी बसवायचे ठरले होते. सरावाच्या निमित्ताने तिच्या वडिलांकडे माझे जाणे-येणे झाले, बोलणे झाले. आज ती तालुक्याला अकरावीत शिकते. हे खेळाने झाले असा दावा मी करीत नाही. पण मैदानावर तुरीच वाळत राहिल्या असत्या, तर त्या घरी मी कशाला गेलो असतो?

नव्याने सुरू करणाऱ्याला माझे सांगणे थोडेच आहे. नियम आधी वाचा. मैदानावरचे खडे रोज वेचा. पाण्याची घागर भरून ठेवा. मुलींच्या सरावाला गावातली एखादी बाई हजर असू द्या. पाय मुरगळला तर चोळू नका, ओढू नका. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा आणि सूज मोठी असेल तर डॉक्टर गाठा. जे येत नाही ते "येत नाही" म्हणून सांगा आणि विचारून या. लेकरांपुढे खोटा रुबाब करू नका. आणि पोर आपल्यापुढे गेली की तिला मोठ्या प्रशिक्षकाच्या हाती द्या. आपण रोपवाटिका आहोत. रोप वाफ्यातच अडवून धरले तर त्याचा ऊस होत नाही.

संचालक मंडळाला माझी विनंती आहे. कार्यक्षेत्रातील होतकरू तरुण-तरुणींपैकी दरवर्षी दोघांना प्रशिक्षणाला पाठवावे आणि ज्या शाळेत मैदान आहे तिथे योग्य मापाचे चेंडू द्यावेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. खर्च फार मोठा नाही.

पण चेंडू आले तरी माणूस लागतोच. तेव्हा सभासदांनो, संध्याकाळचा एक तास काढा. मी खेळलो नाही, ही सबब आता पुरे. रोज हजर राहणारा आणि शिकायला न लाजणारा माणूस गावाला मिळाला, की बाकीचे पोरं शिकवतात.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद