दातांच्या तारांतले निकेल केसपेपरवर यायला हवे

दात सरळ करण्यासाठी लावलेल्या तारा आणि ब्रॅकेट तोंडात झिजतात, त्यांतून निकेल व क्रोमियम लाळेत उतरते, हे खरे आहे. त्यामुळे मुलांच्या अंगात विष भिनते, असे जे संदेश अधूनमधून फिरतात, ते मात्र खरे नाहीत. या गदारोळात भारतीय पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मागेच पडतो.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरील क्रोमियम ऑक्साइडच्या, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे. ओरखडा उठला तरी ऑक्सिजन मिळताच हा थर पुन्हा धरतो. तोंडात मात्र त्याला उसंत नसते. लाळेतील क्लोराइड, जिवाणूंनी साखरेपासून केलेले आम्ल, खाचेत घासणारी तार आणि ब्रॅकेटच्या कडेला साचलेला, ऑक्सिजन पोचू न देणारा मळ, ही सारी मंडळी एकाच वेळी कामाला लागलेली असतात. निकेल-टायटॅनियमच्या तारेत तर वजनाने सुमारे निम्मे निकेल असते. तिचे कवच टायटॅनियम ऑक्साइडचे असते आणि आम्लधर्मी फ्लोराइड नेमके तेच विरघळवते. (म्हणून कोणी रोजची फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सोडू नये; तारांभोवती दात किडण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. जपायचे ते दवाखान्यात लावल्या जाणाऱ्या आम्लयुक्त जेलला.)

पार्क आणि शिअरर यांनी १९८३ साली संपूर्ण तोंडाच्या तारांची प्रतिकृती मिठाच्या सौम्य द्रावणात ठेवली, तेव्हा दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम निकेल सुटलेले आढळले. डाळी, शेंगदाणे, काजू अशा रोजच्या अन्नातून साधारण १०० ते ३०० मायक्रोग्रॅम निकेल पोटात जातेच. तेव्हा विषबाधेची भाषा इथे गैरलागू ठरते.

वावड्याचे गणित निराळे असते. एकदा शरीराने निकेलला शत्रू ठरवले, की अल्प मात्राही पुरते. हे वैर बहुधा कान टोचण्यातून आणि खोट्या दागिन्यांतून जडते. फिनलंडमधील एका अभ्यासात कान टोचण्याआधी तारा लागलेल्या मुलींमध्ये निकेलचे वावडे कमी दिसले. तोंडावाटे आधी ओळख झाल्याने शरीर ते सोसायला शिकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्याकडे हा क्रमच उलटा आहे. कान तान्हेपणी टोचले जातात, पुढे जत्रेतले डूल येतात आणि तारा लागतात त्या बाराव्या-तेराव्या वर्षी. सोन्याच्या बाळीने धोका कमी होतो, पण डूल काही सोन्याचे नसतात.

तोंडात वावडे त्वचेपेक्षा विरळा उमटते, हे मान्य. पण उमटते तेव्हा सुजलेल्या हिरड्यांचा दोष सहसा मुलाच्या घासण्यावर ढकलला जातो. निकेलविरहित बीटा-टायटॅनियम तारा आणि टायटॅनियमचे ब्रॅकेट उपलब्ध आहेत. ते कोणाला द्यायचे हे ठरवायला आधी विचारावे तर लागेल.

१ एप्रिल २०२० पासून देशातील सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. हृदयात स्टेंट बसवलेला रुग्ण त्याचा तपशील असलेले कार्ड घेऊन घरी जातो. दीड-दोन वर्षे तोंडात धातू बाळगणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा हप्त्यांची पावतीच असते. कानातल्याने कधी खाज किंवा पुरळ आले होते का, हा एक प्रश्न आणि मिश्रधातूचे व उत्पादकाचे नाव, एवढे प्रत्येक केसपेपरवर सक्तीचे करणे नियामकांना अवघड नाही. घाईच्या ओपीडीत हे कोण लिहीत बसणार, असा आक्षेप येईल. पण तारेच्या पाकिटावर ही माहिती छापलेली असते, आणि ते पाकीट रुग्णासमोरच फोडले जाते.