आवाज वाढला, ताकद वाढली का?



मोटारीचे इंजिन जोरदार करून देण्याचे आश्वासन देणारे सुटे भाग आज बाजारात सहज मिळतात. मोकळा सायलेन्सर, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, इंजिनाच्या संगणकात भरायचा नवा प्रोग्राम, इतकेच काय, टर्बोचार्जरसुद्धा. कंपनीने गाडीची ताकद दाबून ठेवलेली असते आणि हा भाग बसवला की ती मोकळी होते, असे विकणारा सांगतो. ऐकणाऱ्यालाही ते पटते, कारण भाग बसवल्याबरोबर गाडी गुरगुरू लागते. केळव्याच्या समुद्राकडे निघालेल्या अशा गाड्या रविवारी आमच्या माकुणसारमधून जातात, तेव्हा त्या दिसण्याआधी ऐकू येतात. तुमच्यापैकी बहुतेकांना वाहन चालवण्याचा परवाना मिळायला अजून काही वर्षे आहेत. तरीही हा विषय मी मुद्दाम तुमच्यापुढे मांडतो आहे. परवाना हाती आला की हा मोह लवकरच होतो. तो होण्याआधीच त्याचा हिशेब करायला शिकलेले बरे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या इंजिनाला असे भाग जोडू नयेत. कायदाही हेच सांगतो, पण त्याच्याकडे आपण शेवटी वळू. माझ्या मताचा आधार तुमच्याच पाठ्यपुस्तकातले भौतिकशास्त्र आहे.

प्रथम इंजिनाकडे एक पंप म्हणून पाहा. ते हवा आत ओढते, तिच्यात पेट्रोल जाळते आणि उरलेला वायू बाहेर टाकते. समजा, एका लहान मोटारीचे इंजिन १२०० घन सेंटीमीटरचे, म्हणजे १.२ लिटरचे आहे आणि ते मिनिटाला ४००० फेरे घेत आहे. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदाच सगळी सिलिंडरे हवेने भरतात. म्हणजे मिनिटाला २००० वेळा १.२ लिटर हवा आत गेली. ही झाली २४०० लिटर. सेकंदाला ४० लिटर. एका लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम धरले, तर सेकंदाला ४८ ग्रॅम हवा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. तेव्हा सेकंदाला ३.३ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल जळेल. एका ग्रॅममागे ४४ किलोज्यूल ऊर्जा धरा. गुणाकार केलात तर उत्तर येते सुमारे १४५ किलोवॅट.

यातला सुमारे तीस टक्के भागच चाकांच्या उपयोगी पडतो. म्हणजे ४३ किलोवॅट, अथवा ५८ अश्वशक्ती. उरलेली शंभर किलोवॅट उष्णता रेडिएटरमधून आणि धुराबरोबर बाहेर टाकावी लागते. दोन किलोवॅटचे पन्नास गीझर एका बॉनेटखाली एकाच वेळी चालू आहेत, अशी कल्पना करा. इंजिन बनवणाऱ्याची खरी परीक्षा ताकद निर्माण करण्यात जितकी असते, तितकीच ही उष्णता कोणताही भाग न वितळता बाहेर काढण्यात असते.

या गणितातून एक गोष्ट स्पष्ट होते. ताकद वाढवायची तर आत जाणारी हवा वाढली पाहिजे. नुसते पेट्रोल जास्त ओतून भागत नाही. जास्तीचे पेट्रोल अर्धवट जळून काळ्या धुराच्या रूपाने निघून जाते. आता बाजारातल्या एकेका भागाला हाच प्रश्न विचारू. बाबा रे, तू हवा किती वाढवतोस?

पहिला एअर फिल्टर. स्वच्छ फिल्टरमधून जाताना हवेचा दाब जास्तीत जास्त एकदोन टक्के कमी होतो, तोही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. म्हणजे फिल्टर पूर्णपणे काढून टाकला तरी फायदा तेवढाच. आणि आपण गाडी नेहमी चालवतो ती ॲक्सिलरेटर अर्धाही न दाबता. त्या वेळी हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप आपण स्वतःच बरीचशी मिटून ठेवलेली असते. वाडीला पाणी देणाऱ्या पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवायचा आणि पुढची नळी मात्र जाड आणायची, तशातली ही गत.

शिवाय कंपनीचा फिल्टर एका बंद पेटीत असतो आणि ती पेटी बाहेरची थंड हवा घेते. बाजारातला उघडा शंकू बऱ्याचदा बॉनेटखालीच, तापलेल्या इंजिनाशेजारी बसवतात. बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि बॉनेटखाली ६० अंश धरा. निरपेक्ष तापमानात हे झाले ३०३ आणि ३३३ केल्विन. दाब तोच असेल तर वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे हवा ९ टक्क्यांनी विरळ झाली. एकदोन टक्के मिळवायला गेलो आणि नऊ टक्के घालवून बसलो! त्यातच फिल्टरची जाळी ढोबळ असेल तर ट्रकांनी उडवलेली रस्त्यावरची धूळ आत शिरते. तिच्यातले सिलिकाचे कण सिलिंडर आणि पिस्टनच्या कड्या कानशीसारखे घासतात.

दुसरा मोकळा सायलेन्सर. याचा खुलासा प्रयोगशाळेतल्या अनुनाद नळीने होतो. सिलिंडरमधून वायू बाहेर पडतो तो सलग धारेने नव्हे, धक्क्याधक्क्यांनी. प्रत्येक धक्क्याची दाबलहर नळीतून जाते, टोकाशी परावर्तित होते आणि विरळ लहर बनून परत येते. ती नेमकी वेळेवर परतली, तर सिलिंडरमधला उरलेला वायू ओढून घेते आणि ताज्या हवेला जागा करून देते. अवेळी परतली, तर उलट अडथळा होतो. नळीची लांबी ठरलेली असल्याने हा मेळ काही ठरावीक फेऱ्यांनाच उत्तम जमतो. शर्यतीच्या गाडीची नळी फार मोठ्या फेऱ्यांसाठी जुळवलेली असते. आपण गावातल्या रस्त्यावर दीड ते तीन हजार फेऱ्यांत वावरतो. तिथे त्या नळीने ताकद घटण्याचाही संभव असतो.

मग गाडी जोरदार झाल्यासारखी वाटते ती कशामुळे? आवाजामुळे. आवाजाच्या रूपाने जाणारी ऊर्जा इंजिनाच्या ताकदीच्या मानाने नगण्य असते. तिच्यावरून ताकदीचा अंदाज बांधता येत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण म्हणतो ते इथे अक्षरशः लागू पडते. शेजाऱ्याला मात्र हा आवाज नगण्य नसतो. आवाजाची पातळी १० डेसिबलने वाढते तेव्हा त्याची तीव्रता दहापट झालेली असते. रात्री दमून निजलेला माणूस, तान्हे मूल, परीक्षेचा अभ्यास करणारा तुमच्याच वर्गातला मुलगा यांनी हा दहापट भार कशासाठी सोसावा?

सायलेन्सरबरोबर पुष्कळदा उत्प्रेरक परिवर्तकही काढून टाकतात. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा थर दिलेला हा भाग कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना बऱ्याच अंशी निरुपद्रवी करतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ची कडक मर्यादा लागू झाली, ती पाळण्याचा मोठा भार याच भागावर आहे. तो काढला की धूर डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसतो. विष मात्र वाढलेले असते.

तिसरा प्रकार इंजिनाच्या संगणकाचा. ठिणगी केव्हा पाडायची आणि पेट्रोल किती सोडायचे, हे तो ठरवतो. ठिणगी थोडी आधी पाडली तर काही परिस्थितीत ताकद खरोखर वाढते. ही गोष्ट मान्य केली पाहिजे. टर्बोचार्जरनेही ताकद वाढते, आणि बरीच वाढते, कारण तो हवा दाबून आत भरतो. पण दाब आणि तापमान प्रमाणाबाहेर गेले, की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच इंजिन ‘नॉक’ होणे म्हणतात. हे हातोड्याचे घाव सतत बसत राहिले, तर पिस्टनला भोक पडू शकते. ज्या गाडीला कारखान्यातूनच टर्बो येतो, तिचे पिस्टन, त्यांचे दांडे, तेलाचा पुरवठा, रेडिएटर हे सारे त्या दाबाच्या हिशेबाने बनवलेले असते. बाहेरून एकटा टर्बो आणून बसवणारा बाकीचे सगळे विसरतो.

‘पण कंपनीने मुळात एवढी ताकद शिल्लक ठेवलीच का?’ असे तुम्ही विचाराल. उत्तर असे की, ती शिल्लक फुकट पडून नसते. तीच गाडी चंद्रपूरच्या मे महिन्यात चालायची असते, घाटात पाच माणसे घेऊन चढायची असते, कधी भेसळीचे पेट्रोल पचवायची असते आणि पंधरा वर्षे टिकायची असते. सुरक्षिततेसाठी राखलेल्या या अंतराचे मोल किती, याचा दाखला आपल्याच पालघर तालुक्यात आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्रात १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती. पुढे त्यांच्या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. तेव्हा अभियंत्यांनी ती जनित्रे बाजूला काढली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आणली. पन्नास मेगावॅट सोडून देणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. यंत्र काय सोसू शकते हे ओळखून त्याच्याकडून काम घेणे, यालाच अभियांत्रिकी म्हणतात.

आता समजा, सगळे नीट जमले आणि ताकद दहा टक्क्यांनी वाढली. वेग किती वाढेल? मोठ्या वेगाला हवेचा रोध मुख्य असतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.१० चे घनमूळ काढा; उत्तर १.०३ च्या जवळ येते. ज्या गाडीचा कमाल वेग ताशी १४० किलोमीटर आहे, तो होईल १४४ ते १४५. आणि असा वेग गाठायला सफाळे ते केळवे या रस्त्यावर जागा कुठे आहे?

ब्रेक मात्र तेच राहिले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० वेग ठेवला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. इंजिनावर खर्च करणारा तरुण ब्रेकवर क्वचितच खर्च करतो. अपघातात याची किंमत बऱ्याचदा मागच्या सीटवर बसलेला मित्र देतो किंवा रस्ता ओलांडणारी एखादी म्हातारी देते.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. यामागचे तत्त्व सरळ आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या, १९६६ साली स्थापन झालेल्या संस्था गाडीची चाचणी घेतात ती संपूर्ण गाडीची. एक भाग बदलला, की ती चाचणी झालेली गाडी राहत नाही.

याचा अर्थ यंत्राला हात लावू नका, असा मुळीच नाही. ज्याला इंजिन उघडून पाहावेसे वाटते, तो विद्यार्थी मला आवडतो. शिक्षकांनीही अशा मुलांना नुसते दटावू नये. वरची गणिते फळ्यावर मांडावीत आणि त्यांच्याकडून सोडवून घ्यावीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतात २००७ पासून ‘बाहा’ नावाची स्पर्धा होते. तिच्यात अनेक वर्षे प्रत्येक संघाला एकाच बनावटीचे १० अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागे आणि त्यात फेरफार करायला बंदी असे. मग जिंकायचे कसे? सांगाडा हलका करून, गिअरचे गुणोत्तर अचूक निवडून. न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल वाढवता येत नसेल, तर वस्तुमान घटवूनही त्वरण वाढते. घरच्या गाडीलाही हाच न्याय लावा. डिकीतले अनावश्यक ओझे काढा, टायरमध्ये योग्य हवा ठेवा, फिल्टर आणि तेल वेळेवर बदला.

एवढे सांगूनही उद्या कोणी असा भाग घेऊन आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. ताकद कोणत्या यंत्रावर मोजली? त्याच तापमानाला किती वेळा मोजली? आणि त्याच वेळी धूर, पेट्रोलचा खप आणि इंजिनाचे तापमान मोजले का? शक्तिमापकावर एकाच गाडीची दोन मापनेदेखील एकदोन टक्क्यांनी वेगळी येऊ शकतात. तेव्हा तीन टक्के वाढीचा दावा एका मापनाने सिद्ध होत नाही. तिन्ही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर ते आकडे घेऊन आपल्या शिक्षकांकडे जा. आणि उत्तरादाखल त्याने नुसता ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकवला, तर पैसे खिशातच राहू द्या.