हुनर आणि रोजी : कॉइल बदलण्याआधी



आमच्या देवळाली प्रवरा परिसरात घरात एक गाडी आली की ती साऱ्या खानदानाची होते. राहुरीचा बाजार, नगरचा दवाखाना, श्रीरामपूरचा निकाह, सगळी भिस्त तिच्यावर. अशी गाडी झटके देऊ लागली, पिकअप गेला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "कॉइल गेली, चारही टाकून घ्या." हे उत्तर तपासून घ्यावे, कारण त्यात कुटुंबाचे काही हजार रुपये असतात.

कॉइलचे काम सोपे आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन ती हजारो व्होल्ट तयार करते आणि प्लगमध्ये ठिणगी पाडते. डिझेल गाडीला ही कॉइल नसते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. म्हणून झिजलेला, गॅप वाढलेला प्लग सीएनजी गाडीच्या कॉइलवर अधिक ताण आणतो.

स्कॅनर लावल्यावर पी ०३५१ ते पी ०३५४ यांपैकी कोड आला, तर तो अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या कॉइलच्या 'सर्किट'चा असतो. सर्किट म्हणजे कॉइल, तिचा कनेक्टर, वायर, फ्यूज, अर्थिंग आणि ईसीयू, सगळे आले. कोड गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचे.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र, एकसारखी कॉइल असेल तर शोध असा करावा. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावावी. कोड पुसून गाडी चालवावी. आता पी ०३५२ जाऊन पी ०३५३ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच खराब. कोड दोनवरच राहिला, तर कॉइल निर्दोष आहे. वायर आणि कनेक्टर पाहा. कनेक्टरची पिन हिरवी पडली आहे का, वायर उंदराने कुरतडली आहे का, प्लगच्या खड्ड्यात तेल किंवा पाणी आहे का? उसाच्या शेतालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांची शंका आधी घ्यावी. चावी ऑन करून कनेक्टरच्या सप्लाय पिनवर बॅटरीइतके व्होल्टेज येते का, तेही मल्टीमीटरने पाहावे. चारही कॉइलचे कोड एकदम आले, तर चारही कॉइल एकाच दिवशी मेल्या असे समजू नये. त्यांचा सामाईक फ्यूज, रिले आणि अर्थिंग तपासावे.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. चालू इंजिनावर कॉइल उपसू नये. झटका जीवघेणा ठरू शकतो. आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग.

आता दयानतदारीची बाब. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतला दाणा ओला लागला, तेव्हा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला विचारले की ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही. न तपासता चार कॉइल विकणे हाही ओला दाणा झाकण्याचाच प्रकार. पण गिऱ्हाइकाचीही बाजू आहे. तासभर खपून मिस्त्रीने तुटकी वायर शोधली, की आपण म्हणतो, "पार्ट तर काही टाकला नाही, मग मजुरी कसली?" शोधाची मजुरी नाकारली, की मिस्त्री पार्ट विकूनच पोट भरणार.

म्हणून गॅरेजमध्ये तीन गोष्टी विचारा : कोड कोणता आला, कॉइल अदलाबदल करून पाहिली का, आणि जुना पार्ट परत मिळेल का. नीट उत्तर देणारा मिस्त्री भेटला, तर त्याच्या शोधाची मजुरी घासाघीस न करता द्या. ती त्याची हलाल कमाई आहे.