अत्तिपट्टीची तहान आणि सातपुड्याचे मौन

के. बालचंदर यांचा ‘तण्णीर तण्णीर’ हा तमिळ चित्रपट १९८१ साली आला. नावाचा अर्थ ‘पाणी, पाणी’. कोमल स्वामिनाथन यांच्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाला उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा आणि पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अत्तिपट्टी नावाचे कोरडे गाव, अर्जविनंत्यांना दाद न देणारे शासन आणि मतांपुरते उगवणारे पुढारी, हे त्याचे कथानक. गावकरी निवडणुकीवर बहिष्कार घालतात, मग स्वतःच कुदळ-फावडे घेऊन दूरच्या झऱ्यापासून कालवा खणू लागतात. त्या क्षणी मात्र आजवर न दिसलेले शासन नियमांचे बाड घेऊन हजर होते आणि काम थांबवते. न देणाऱ्या हातांनी घेऊही द्यायचे नाही, हा त्या व्यवस्थेचा न्याय!

ही कथा दूरच्या तमिळनाडूची म्हणून बाजूला सारता येत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांतून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवून आणल्याच्या बातम्या पावसाळ्यात हटकून येतात. उन्हाळ्यात आयाबाया हंडे घेऊन झऱ्यांच्या शोधात निघतात. पावसाळा सरला की घरेच्या घरे ऊसतोडीला गुजरातची वाट धरतात. सरदार सरोवरामुळे याच दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदा काठावरून वाहते आणि काठावरचे पाडे तहानलेले राहतात, हा विरोधाभास कोणत्याही पटकथाकाराला सुचला नसता.

याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ वाटले गेले. वनवासी माणसाला ओळख मिळणे चांगलेच. पण क्रमांक म्हणजे रस्ता नव्हे आणि समारंभ म्हणजे विकास नव्हे. येथून माणिकराव गावित सलग नऊ वेळा लोकसभेवर गेले. निष्ठेने मत देणाऱ्या या जनतेला काँग्रेसने काय दिले, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु २०१४ साली आणि पुन्हा २०१९ साली याच मतदारसंघाने भारतीय जनता पक्षाला निवडून दिले. झोळी त्यानंतरही खांद्यावरून उतरली नाही. म्हणून हा प्रश्न केवळ इतरांना विचारून आपली सुटका होणार नाही. आपल्या माणसांना तर तो अधिक कठोरपणे विचारला पाहिजे.

मराठी चित्रसृष्टीने सातपुड्याकडे फारसे पाहिलेले नाही. मणिबेलीचे बुडणे दिसले ते ‘नर्मदा डायरी’सारख्या माहितीपटात, आणि तेही आंदोलनाच्या चष्म्यातून. वास्तविक येथे कथांची वाण नाही. १९३० च्या दशकात तळोद्याच्या परिसरात आपश्री गुलाम महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, परस्परांना ‘आप’ म्हणा, असे सांगून भिल्ल समाजात स्वाभिमान जागवला. पुढे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अंबरसिंग महाराजांनी हातून गेलेल्या जमिनींसाठी शहादा परिसरातील आपल्या बांधवांना उभे केले. दुःख सोसणारा म्हणूनच नव्हे, तर उठून उभा राहणारा म्हणूनही वनवासी पडद्यावर यावयास हवा.

अत्तिपट्टीच्या कथेत जे अपुरे राहिले, ते शेजारच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याने करून दाखवले. वनवासी कल्याण आश्रमाशी जोडलेल्या चैत्राम पवार यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले, चर खणले, बांध घातले आणि गाव पाणीदार केले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नंदुरबारमध्ये डॉ. हेडगेवार सेवा समितीचे कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत ज्ञान नेत आहे. समाज संघटित झाला तर काय घडते, याची ही उदाहरणे आहेत.

तथापि सेवाकार्य हे शासनाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. डोंगरातला रस्ता आणि दवाखान्यातला डॉक्टर ही शासनाचीच जबाबदारी आहे. बारीपाड्याच्या कौतुकाआड शासनाला लपू देणे, हा सेवेचाही अपमान ठरेल. समाजाने कुदळ उचलावी आणि शासनाने ती अडवू नये, उलट तिच्यामागे उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे. कार्यकर्त्यांनी हा चित्रपट आपल्या कुटुंबासह पाहावा आणि मग एकदा धडगावचा घाट चढून यावे. ‘वनवासी आमचे बांधव’ हे वाक्य उच्चारणे सोपे आहे; त्या बांधवाच्या खांद्यावरची झोळी उतरेल, तेव्हाच ते खरे ठरेल.