विश्लेषण : रात्रपाळीत जेवणाची वेळ का महत्त्वाची?

मधुमेहाची चर्चा बहुतेक वेळा ताटात काय आणि किती आहे यावरच थांबते. ते ताट किती वाजता वाढले जाते, हा प्रश्न मागे राहतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, तर १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यापैकी जे रात्रभर काम करतात, त्यांच्यासाठी तरी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

शरीरातील घड्याळ कुठे असते?

मुख्य घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते दिवस-रात्र ओळखते. यकृत, स्वादुपिंड आणि चरबीच्या पेशींमध्येही स्वतंत्र घड्याळे असतात. ती जेवणाच्या वेळेनुसार पुढेमागे होतात. या घड्याळांमागील जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

रात्री जेवल्यावर काय बिघडते?

अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते. ते झोपेची तयारी करते, पण इन्सुलिनचा स्राव मंदावते. त्यामुळे तेच जेवण सकाळपेक्षा रात्री रक्तातील साखर अधिक वाढवते. मध्यरात्री जेवले, की मेंदूचे घड्याळ रात्र सांगते आणि यकृताचे दिवस.

याचा पुरावा काय?

२०२१मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारख्या वेळापत्रकावर ठेवले. रात्रीही जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. प्रयोग छोटा असला, तरी त्यातून दिशा कळते.

लवकर जेवल्याने वजन घटते का?

इथे सावध राहायला हवे. चीनमधील १३९ स्थूल व्यक्तींवरील वर्षभराच्या चाचणीत दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घेतला. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने, तर दुसऱ्याचे ६.३ किलोने घटले. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस नव्हता. म्हणजे घड्याळ पाहून जेवलो म्हणून कितीही खाल्ले तर चालेल, असे नाही.

उपाय कोणाच्या हातात?

रात्रपाळीवाल्यांना पाळीपूर्वी पोटभर जेवण आणि मध्यरात्रीनंतर शक्य तितके कमी खाणे, असा बदल करून पाहता येईल. इन्सुलिन किंवा साखरेची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

‘लवकर जेवा’ हा सल्ला दिवसपाळीवाल्याला सोपा आहे. परिचारिका किंवा सुरक्षारक्षकाची जेवणाची सुट्टी मात्र वेळापत्रक ठरवते. कॅन्टीन पाळीच्या सुरुवातीला उघडले आणि पाळ्या सतत बदलल्या नाहीत, तरच हा सल्ला त्यांच्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचेल.