घंगाळ, व्यासपीठ आणि वाचकाचे पाय

प्राध्यापक-कक्षात मी एक साधा प्रश्न विचारला होता: पाण्याने न फुगणारी आणि जाड पुस्तक उघडे धरून ठेवणारी ठवणी कुठे मिळेल? कारण सांगायला संकोच वाटण्यासारखे नव्हते. वीस वर्षे उभे राहून शिकवल्याने टाचा दुखतात. डॉक्टरांनी रोज वीस मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून टाचा हाताने चोळायला सांगितले आहे. आमच्या न्हाणीत आजेसासूबाईंचे पितळी घंगाळ आहे. हात पाण्यात गुंतलेले, डोळे मात्र रिकामे. समोर पुस्तक उघडे राहिले तर रोज एक प्रकरण होईल, एवढाच हिशेब.

यावर दोन उत्तरे आली. एक सहकारी म्हणाले, "बीड जिल्ह्यात राहून टबबाथची हौस, मॅडम?" दुसरे, वयाने ज्येष्ठ, गंभीरपणे म्हणाले, "ग्रंथ न्हाणीत नेणे हा सरस्वतीचा अपमान आहे." त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. पण ही दोन्ही उत्तरे एकाच वृत्तीतून आली आहेत आणि ती वृत्ती केवळ आमच्या कक्षापुरती नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पाण्याचे. टबाची बाजू घेण्याचा माझा मुळीच इरादा नाही. साधा टब भरायला दीडशे लिटरच्या वर पाणी लागते. २०१९ साली जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी धरलेले प्रमाण दररोज ५५ लिटर आहे. म्हणजे एक टब म्हणजे जवळपास तीन माणसांचा दिवस. २०१६ मध्ये धनेगावचे मांजरा धरण, जे आमच्याच केज तालुक्यात आहे, कोरडे पडले होते. त्याच एप्रिलमध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. ते दिवस पाहिलेल्या माणसाला टबाचा मोह होत नाही. शहरात टबावर आडवी ठेवायची बांबूची फळी विकतात, तिच्यात पुस्तकाला एक खाच आणि पेल्याला दुसरी असते. ती ज्यांना लखलाभ त्यांना असो. माझ्या घंगाळात बारा-पंधरा लिटर पाणी मावते आणि ते नंतर कढीपत्त्याला जाते.

पण सहकाऱ्यांची हरकत लिटरांची नव्हतीच. लिटरांची असती तर त्यांची चारचाकी दर रविवारी बोअरच्या पाण्याने धुतली गेली नसती. हरकत सुखाची होती. दुष्काळी भागातल्या माणसाने दुष्काळाविषयी वाचावे, लिहावे, रडावे. त्याने आरामात बसून एखादी लांबलचक, कशाचाही प्रश्न न सोडवणारी कादंबरी वाचायची म्हटली की ते विलास ठरते. मराठवाड्याच्या माणसाकडे मराठी समीक्षा विषय म्हणून फार प्रेमाने पाहते, वाचक म्हणून मात्र तिला तो दिसतच नाही. ऊसतोड, स्थलांतर, कोरडी विहीर यांवरचे परिसंवाद आम्ही भरवतो, आणि त्यांत बोलणाऱ्यांचा वाचनाचा आनंद मात्र पुण्या-मुंबईच्या खात्यावर जमा करतो. हे मला मान्य नाही.

आता सरस्वतीचे. ज्येष्ठ सरांचा ग्रंथ पाटावर बसतो, हळदीकुंकू घेतो आणि वर्षातून एकदा दसऱ्याला पुजला जातो. आपल्या संस्कृतीने ग्रंथाला आसन दिले, हे खरे. अखंड हरिनाम सप्ताहात ज्या घडीच्या लाकडी ठवणीवर ज्ञानेश्वरी ठेवतात तिला व्यासपीठच म्हणतात, आणि पारायण चालवणाऱ्याला व्यासपीठचालक. मशिदीत हेच काम रेहल करते: एकच फळी मधोमध चिरून, खिळा न मारता एकमेकींत गुंफलेल्या दोन पाकळ्या. दोन्ही वस्तू अत्यंत शहाण्या आहेत. वाचणाऱ्याची मान, डोळे आणि मांडी यांचा विचार करून कुणा सुताराने त्या घडवल्या. पुढे आपण त्यांच्यातला वाचणारा विसरलो आणि पावित्र्य तेवढे ठेवले. आज व्यासपीठ म्हटले की हार, समई आणि तीन तास न उतरणारे अध्यक्ष डोळ्यांपुढे येतात. पुस्तकाची जागा वक्त्याने घेतली, आणि आम्ही साहित्याचे अध्यापक त्याला साहित्यिक कार्यक्रम म्हणतो.

याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीने 'पंचीकरण' सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिले. कोणत्याही ठवणीवर न मावणारा ग्रंथ! तो वाचायचा तर माणसाने त्याच्या कडेने चालायला हवे. अध्यात्म लिहिणाऱ्या संतालाही ग्रंथाचा आकार आणि वाचणाऱ्याचे शरीर यांच्याशी असे खेळावेसे वाटले, तर घंगाळाने विटाळ होण्याइतकी सरस्वती नाजूक कशी?

वाचनाची साधने रुग्णांच्या आणि थकलेल्यांच्या सोयीतून निघाली आहेत, याचीही आठवण द्यायला हवी. १५८८ मध्ये रामेल्ली या इटालियन अभियंत्याने फिरत्या पुस्तकचक्राची रचना छापली. एका जागी बसून अनेक पुस्तके आळीपाळीने समोर आणण्याचे ते यंत्र पायांच्या वातरक्ताने जखडलेल्यांना विशेष उपयोगी पडेल, असे त्याने सांगितले होते. त्वचारोगाने त्रस्त मारा टबात बसूनच काम करी, समोर आडवी फळी टाकून. १३ जुलै १७९३ रोजी त्याची हत्या झाली तीही तिथेच. (माझ्या सहकाऱ्यांनी यातून स्फूर्ती घेऊ नये.)

आणि बायकांचे काय? ज्या घरात पाहुण्यांसाठी खोली असते पण सुनेसाठी नसते, तिथे आतून कडी लागणारी एकच जागा असते, ती न्हाणी. बंगालमधल्या राससुंदरी देवींनी एकोणिसाव्या शतकात पोथीचे एक पान सोडवून घेऊन ते स्वयंपाकघरात लपवून ठेवले आणि त्यावर त्या वाचायला शिकल्या. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणींत, त्यांच्या शिकण्यावर घरातल्याच बायकांनी कसा राग धरला हे आहे. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी आजही पुस्तक ओढणीखाली घेऊन न्हाणीत शिरतात, आणि बाहेरून 'किती वेळ?' अशी हाक येईपर्यंत वाचतात. त्यांना पावित्र्याचे प्रवचन ऐकवणारा माणूस वाचनसंस्कृती ऱ्हास पावल्याचा लेखही दरवर्षी लिहितो.

राससुंदरींना पान सोडवता आले, कारण पोथीची पाने सुटी असत. वाचून झालेले पान उलटून पलीकडे ठेवले की काम झाले. मिटायला काही नाहीच. आजचे आपले प्रकाशक कणा गरम डिंकाने चिकटवतात आणि आतला समास इतका अरुंद सोडतात की ओळींची टोके शिवणीच्या दरीत जातात. चारशे पानांची कादंबरी दोन्ही हातांनी दाबून धरली नाही तर फटकन मिटते, आणि जोराने उघडली तर पाने हातात येतात. किंमत मात्र संग्राह्य आवृत्तीची. पुस्तकासाठी ठवणी शोधावी लागते ती निम्मी या बांधणीमुळे.

शोध शेवटी बराच चालला. सप्ताहाच्या दुकानातले व्यासपीठ सुंदर होते, पण पुस्तक मिटू नये म्हणून त्यावर काहीच नव्हते. ज्ञानेश्वरीच्या मोठ्या प्रतीला त्याची गरज पडत नाही. भुश्श्याच्या दाबीव फळीचे एक शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळाले, ते आठ दिवसांत वाफेने फुगले. पारदर्शक प्लॅस्टिकचे ओल्या फरशीवर सरकत राहिले आणि एकदा कादंबरीसकट घंगाळात गेले. दीडशेवे पान अजून सुरकुतलेले आहे.

आता गल्लीतल्या सुताराला जुन्या सागवानी चौकटीच्या तुकड्यातून करायला सांगितले आहे. उंची गुडघ्याच्या वर चार बोटे, उतार रेहलीपेक्षा थोडा उभा, खाली पाने अडवायला अर्ध्या इंचाची पट्टी, दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे अडकवायला खाच, पायांना रबर. त्याने माप घेताना विचारले, "कोणती पोथी ठेवायची, ताई?" कादंबरी आहे म्हटल्यावर तो काही बोलला नाही, पुस्तक हातात घेऊन त्याची जाडी मात्र दोनदा मोजली.